अंतराळवीराचं मनगट

आमच्या तालुक्यात किरणांशी सरकारी संबंध असलेलं माणूस एकच, ते म्हणजे मी. ग्रामीण रुग्णालयात मी एक्स-रे काढते. रानडुक्कर आडवं आल्यामुळे दुचाकीवरून पडलेले, आंब्याच्या झाडावरून घसरलेले, बांधावर पाय मुरगळलेले आणि जुन्या खोकल्याचे, असे सगळे माझ्याकडे येतात. माझं माहेर सिरोंचाकडचं. नोकरी लागली तशी या गावी आले आणि इथलीच झाले. इतक्या वर्षांत मला कोणी भाषण करायला बोलावलं नव्हतं, आणि ते बरंच होतं.

मार्च महिन्यात एका दुपारी शेजारच्या कॉलेजचे प्राचार्य माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. उंबरा ओलांडेनात.

"मॅडम, किरणं बंद आहेत ना?"

मशीन बंद केलं तरी किरणं खोलीत मच्छरांसारखी फिरत राहतात, असा आमच्याकडे बऱ्याच शिकलेल्या लोकांचा समज आहे. मी म्हटलं, बंद आहेत, या. ते आत आले, पण खुर्चीवर टेकले नाहीत.

"आमच्याकडे एक दिवसाचं चर्चासत्र आहे. तुमाले यायचं आहे. प्रमुख वक्त्या म्हणून."

"विषय काय सर?"

त्यांनी खिशातून कागद काढला आणि एका दमात वाचला. "दूर अंतराळ प्रवासात अंतराळवीरांचे किरणोत्सर्गापासून संरक्षण व आरोग्य, एक चिंतन."

"सर, मी हातापायांचे फोटो काढते."

"मंग? किरणं तेच ना?"

"तेच नाहीत सर. ते वेगळे असतात."

"भाऊबंद तर आहेत न," सर म्हणाले, आणि माझं नाव पत्रिकेत छापायला गेलं.

झालं होतं असं की, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी एक राष्ट्रीय दर्जाचं चर्चासत्र लागत होतं आणि ते मार्च संपायच्या आत उरकायचं होतं. नागपूरच्या एका तज्ज्ञांनी आधी होकार दिला होता. त्यांनी विचारलं, वाटेत वाघ दिसेल का? सरांनी खरं ते सांगितलं, दिसू शकते. मग त्यांनी विचारलं, गाडी कोणती? सरांनी तेही खरं सांगितलं, जीप आहे, एका बाजूची काच वर होत नाही. त्यानंतर तज्ज्ञांचा फोन लागला नाही.

हा विषय सुचवला होता कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या एका तरुण शिक्षकाने. तो तासांवर होता, म्हणजे जेवढे तास शिकवेल तेवढाच पगार. सकाळी इथे शिकवायचा आणि दुपारी दुसऱ्या गावच्या ज्युनियर कॉलेजात दुचाकीने जायचा. त्याला लहानपणापासून अवकाशाचं वेड. मी प्राचार्यांना विचारलं, मग तोच का बोलत नाही? ते म्हणाले, "घरचा माणूस वक्ता होत नाई मॅडम. समितीले बाहेरचा लागते. तुमी बाहेरच्या." रुग्णालयाची आणि कॉलेजची मधली भिंत एकच आहे. मी भिंतीच्या या बाजूला असल्यामुळे बाहेरची झाले.

पत्रिकेत शिक्षकाचं नाव शेवटी होतं, आभार या शब्दासमोर. तरी तो राग न धरता मला शिकवायला आला. रुग्णालयाच्या मागे चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर आमचा वर्ग भरला. मी सुरुवातीलाच सांगितलं की मला फक्त शिसं माहीत आहे. आमच्याकडे शिशाचा ॲप्रन घालतात, किरणं अडतात, विषय संपला.

"तिथं शिसं कामाचं नाई मॅडम," तो म्हणाला. "उलटं नुकसान करते."

"काऊन?"

"आपल्या मशीनचे किरणं शिशात अडते. पण तिकडून येते ते बारीक कण आहेत, अन् भयंकर वेगानं येते. शिशाचा अणू जड. त्याच्यावर आपटला कण, की दोघांचेही तुकडे होतेत अन् ते तुकडे अंगात घुसते. एका दगडाच्या जागी टोपलंभर गिट्टी अंगावर आली समजा."

"मग काय लावायचं?"

"हलकी वस्तू. पाणी, प्लास्टिक. ज्यात हायड्रोजन भरपूर आहे ते."

मी वही काढून लिहून घेतलं. दहावीनंतर प्रथमच असं काही लिहिताना मजा वाटली. त्याने सांगितलं की पृथ्वीवर आपल्याला हवेचं पांघरूण आहे आणि चुंबकाची छत्री आहे. ती सोडून दूर गेलं की माणूस उघडा पडतो. डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, पुढे कधी कॅन्सर होऊ शकतो, मेंदूचं काय होतं ते अजून नीट कळलेलं नाही. मी विचारलं, यावर पुरता उपाय काय? तो म्हणाला, "पुरता उपाय नाई. लवकर जा अन् लवकर परत या, हाच सध्याचा उपाय." मी म्हटलं, आमच्या भागात डॉक्टरांची बदली होते तेव्हा तेही हेच करतात. तो खूप हसला.

मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की शिशाचा ॲप्रन अंतराळात उपयोगाचा नाही, तेव्हा तो कार्यक्रमात नको. ते म्हणाले, "फ्लेक्स छापून आला न मॅडम." फ्लेक्सवर ॲप्रन घातलेला अंतराळवीर होता. त्याच्या मागे मंगळ होता, आणि मंगळाहून मोठे भाऊ होते. भाऊ म्हणजे संस्थेचे उपाध्यक्ष आणि दिवसाचे प्रमुख पाहुणे. त्यांचे कोळशाचे ट्रक चालतात आणि तालुक्यात त्यांना सगळे भाऊच म्हणतात. त्यांचा मुलगा त्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. अंतराळवीराची निवड कशी झाली, हे मी कोणाला विचारलं नाही.

रुग्णालयाचा चांगला ॲप्रन द्यावा म्हणून भाऊंचा आमच्या डॉक्टरांना फोन आला, आणि डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. न्यायला कॉलेजचा शिपाई आला. त्याने ॲप्रनची चौघडी घातली आणि गाडीच्या टाकीवर ठेवली. ॲप्रन घडी घालायचा नसतो. आतला शिशाचा थर तडकतो आणि वरून काही दिसत नाही. मी तो त्याच्या हातून घेतला आणि खांद्यावर टाकून स्वतःच चालत निघाले. वाटेत दोन बायकांनी विचारलं, "बाई, आत्तापासून रेनकोट?"

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन असं होतं की सकाळीच सभागृहाच्या खुर्च्यांना हात लावता येत नव्हता. प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बसवलं. शेजारी भाऊंची रिकामी खुर्ची. व्यासपीठाच्या उजव्या कोपऱ्यात अंतराळवीर उभा. अंगात शिशाचा ॲप्रन, गळ्याला आमचाच शिशाचा पट्टा, हातात रसायनशाळेचे रबरी मोजे, पायांत धानाच्या बांधीत घालतात ते गमबूट आणि डोक्यावर चांदीचा कागद गुंडाळलेलं हेल्मेट. त्याला सांगितलेलं होतं की भाऊंचं भाषण होईपर्यंत हलायचं नाही.

भाऊ उशिरा आले. दिवा लावला, शाली झाल्या, श्रीफळं झाली, रोपटी दिली. रोपटी घेऊन कोणी कुठे ठेवायची ते ठरलं नसल्यामुळे माझ्या मांडीवर जमा झाली. भाऊ बोलायला उठले आणि लाईट गेली. पंखे थांबले. पण भाऊंना माईक लागत नाही.

त्यांनी किरणोत्सर्गाचा इतिहास सांगितला. त्यांच्या लहानपणी तो नव्हता. लोक आंबील प्यायचे, जंगलात फिरायचे, त्यांना काही होत नव्हतं. मग मोबाईलचे टॉवर आले आणि सगळं बिघडलं. किरणांच्या जवळही जाऊ नका, असं त्यांनी विद्यार्थ्यांना बजावलं. तिथून ते रेल्वेच्या मागणीवर आले आणि तिथे बराच वेळ रमले.

माझं लक्ष कोपऱ्याकडे होतं. गमबुटांच्या वरचे गुडघे थरथरत होते. मी वाकून प्राचार्यांना म्हटलं, "सर, त्या पोराले बसवा. ॲप्रन जड असते, आतून हवा लागत नाई."

"दोन मिनिटं मॅडम. फोटोवाला येऊन राह्यला."

फोटोवाला आला नाही. अंतराळवीर आधी भिंतीला टेकला, मग कडेला झुकला आणि व्यासपीठावरून खाली हातावर पडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात अंतराळातलं तरंगणं दाखवणार आहेत असं कोणीतरी आधी पसरवलं होतं.

मी रोपटी बाजूला टाकून धावले. प्राचार्यांनी हेल्मेटच्या फटीतून पाण्याचा जग ओतला, त्यामुळे तो गुदमरून शुद्धीवर आला. ॲप्रन काढला तेव्हा आतला शर्ट पिळून घेण्यासारखा होता. "मले गरम होऊन राह्यलं," एवढंच तो म्हणाला. उजवं मनगट सुजायला लागलं होतं.

कॉलेज आणि रुग्णालयाच्या मधल्या भिंतीला एक भगदाड आहे. सगळं कॉलेज त्यातूनच रुग्णालयात येतं. पण भाऊंच्या मुलाला भगदाडातून कसं नेणार, म्हणून गाडी आली, मुख्य रस्त्याने बैलबाजाराला वळसा घालून गेली, आणि मी भगदाडातून आधी पोचून त्यांची वाट पाहत उभी राहिले.

डॉक्टरांनी मुलाला तपासलं, सलाईन लावलं, उन्हाचा त्रास आहे म्हणाले आणि चिठ्ठीवर मनगटाचा एक्स-रे लिहून दिला. भाऊंनी ती चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे वळले.

"मनगटच काऊन? डोक्याचा काढा. छातीचा काढा. दोन्ही हात, दोन्ही पाय, कमर. सगळं काढून टाका बाई, काई शिल्लक ठेवू नका."

"भाऊ, गरज नाई त्याची. प्रत्येक फोटोले किरणं लागतेत. तुमीच आत्ता सांगितलं न, जवळही जाऊ नका म्हणून."

"ते भाषणात सांगितलं."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. मी म्हटलं, "साहेब, चिठ्ठीत मनगट आहे, मी मनगट काढते. बाकीचं कारणासहित लिहून द्या, मग तेही काढते." डॉक्टरांनी पेन उचललं. ते हवेत थोडा वेळ राहिलं. मला वाटलं, आता लिहितात. मग त्यांनी ते खिशाला लावलं आणि म्हणाले, "मनगट पुरे आहे भाऊ." आमचे डॉक्टर वाईट नाहीत, फक्त फोन आला की हो म्हणायची सवय आहे. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला.

रुग्णालयाचा जनरेटर सुरू केला. एक्स-रेच्या खोलीत भाऊ मुलाचा हात धरून उभे राहिले. मी सांगितलं, बाहेर जावं लागेल.

"बाप आहो मी."

"बापालेही लागतेत किरणं. थांबायचं असलं तर ॲप्रन घालावा लागते, अन् चांगला ॲप्रन तुमच्या व्यासपीठावर आहे."

मुलगाच म्हणाला, "बाबा, तुमी जा न बाहेर." तेव्हा ते गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभे राहिले. ते दार खालून सुजलेलं, वरून वाकलेलं होतं. त्याच्या आतला शिशाचा पत्रा खाली सरकला होता. नवीन दारासाठी मी इतक्या वेळा वर लिहिलं होतं की माझे अर्ज आता सरावाने आपोआप लिहिले जात. मी दारापाशी जाऊन म्हटलं, "भाऊ, तिथून सरका. भिंतीच्या आड व्हा."

"काऊन?"

"या दारातून थोडे किरणं बाहेर येतेत."

पुढे मी काही बोलायच्या आत भाऊ अंगणातल्या कडुलिंबाखाली पोचले होते. त्या वयाचा, त्या अंगाचा माणूस इतक्या वेगाने जाताना मी पाहिला नव्हता. तिथून त्यांनी ओरडून विचारलं, "मी उभा होतो, तेवढ्यात लागले का मले?"

"मशीन अजून चालूच केलं नव्हतं भाऊ."

त्यांचा विश्वास बसला नाही. मनगटाला बारीक चीर निघाली, प्लास्टर घातलं. पोरगं समजूतदार होतं. जाताना म्हणालं, "मॅडम, तुमचा ॲप्रन चांगला आहे, पण मंगळावर नाई जाऊ शकत मी."

मी न बोलताच चर्चासत्र संपलं असं धरून चालले होते. पुढच्या आठवड्यात कॉलेजातली एक मुलगी आजोबांच्या छातीचा फोटो काढायला आली, तिच्याकडून बाकीचं कळलं. आम्ही रुग्णालयात गेल्यावर अर्धं सभागृह पांगलं होतं. जेवण तयार व्हायला वेळ होता आणि फोटोवाला तेवढ्यात आला होता, म्हणून प्राचार्यांनी त्या तासांवरच्या शिक्षकाला सांगितलं, बोला काही तरी जेवण येईपर्यंत. माईक नव्हता, पंखा नव्हता. तो व्यासपीठावरून खाली उतरला आणि मुलांच्या मधोमध जाऊन बसला.

"सरनं सांगितलं, सूर्यावर तुफान येते," ती मुलगी म्हणाली. "मंग यानातले लोकं एका कोपऱ्यात जमतेत, अन् पाणी, खाणं, जे असंल ते चारही बाजूनं रचून घेतेत. आमी खरंच रचलं मॅडम. पाण्याच्या कॅन होत्या जेवणाच्या, त्या आणल्या. बेंच लावले. अन् सगळे आत घुसून बसलो."

"मग?"

"मंग जेवायले बोलावलं, तर कोणी बाहेरच निघंना. सर म्हणे तुफान अजून चालू आहे. प्राचार्य सर आले अन् पाणी मागून राह्यले होते. पाणी तर आमच्या भिंतीत होतं."

तिच्या आजोबांनी श्वास रोखून धरला होता, तो मी त्यांना सोडायला सांगायचं विसरले. त्यांनीच खोकून आठवण केली.

इकडे भाऊंना चैन नव्हतं. चार-पाच दिवसांनी ते सकाळीच आले आणि कडुलिंबाखालूनच मला हाक मारली. मी बाहेर गेले. त्यांनी टोपी काढली.

"बाई, केस गळून राह्यले."

भाऊंच्या डोक्यावर मी ओळखते तेव्हापासून कडेची झालरच आहे. फ्लेक्सवर मात्र ते भरगच्च असतात. मी जपून म्हटलं, "भाऊ, थोडं आधीपासूनच होतं न ते."

"आधी हळू गळत होते."

मी त्यांना समजावलं की मशीन बंद होतं, आणि चालू असतं तरी तेवढ्याने केस जात नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे दार असंच किती वर्षांपासून आहे? मी सांगितलं. त्यांनी तिथेच उभं राहून कुणाला तरी फोन लावला. माझ्या अर्जांत रुग्णांची सुरक्षा, कर्मचाऱ्यांची सुरक्षा, नियम, सगळं होतं. भाऊ एवढंच म्हणाले, "अरे, मी स्वतः उभा होतो तिथं." उन्हाळा संपायच्या आत दार आलं, आणि दोन नवे ॲप्रनही आले. ॲप्रनच्या पाठीवर भाऊंचं नाव आणि त्याखाली सप्रेम भेट, असं मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. मी पाठमोरी झाले की दुखण्याने कण्हणारे रुग्ण ते मोठ्याने वाचतात.

दाराच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी चहा पिऊन परत आले तर सुतार ड्रिल घेऊन दारापुढे बसलेला. हातात पितळेची पाटी, त्यावरही भाऊंचं नाव, आणि बाजूला लांब स्क्रू.

"थांबा," मी म्हटलं. "या दारात शिशाचा पत्रा आहे. भोक पाडलं की काय उपयोग?"

"भाऊनं दारावरच लावा म्हणून सांगितलं बाई. मी काय करू?"

त्याचं बरोबर होतं. मी भाऊंना फोन लावला आणि सांगितलं की पाटी लावली तर स्क्रूच्या भोकांतून किरणं बाहेर येतील, नेमकी तुमच्या नावातून.

"मंग भिंतीवर लावा," भाऊ म्हणाले. "अन् लांबच्या भिंतीवर लावा बाई."

पाटी आता पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर आहे. पाणी भाऊंनी दिलं असं लोक समजतात आणि त्यांना दुवा देतात.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा भौतिकशास्त्राचे तास कमी झाले आणि तो शिक्षक त्यातून गळला. बल्लारपूरकडच्या एका शाळेत त्याला काम मिळालं. तेही तासांवरच, पण तास जास्त. निघायच्या दिवशी तो सामान घेऊन टपरीवर आला. दुचाकी विकली होती, बसने जायचं होतं.

"मॅडम, चर्चासत्राचा अहवाल पाहिला का?" त्याने विचारलं.

मी पाहिला नव्हता. त्याने मोबाईलवर दाखवला. त्यात लिहिलं होतं की प्रमुख वक्त्यांनी ओघवत्या शैलीत विषयाची सखोल मांडणी केली व विद्यार्थी मंत्रमुग्ध झाले. बेंच आणि पाण्याच्या कॅनचा उल्लेख कुठेही नव्हता.

"कोणी लिहिला हा?"

"मीच. सरनं लिहायले लावला." तो हसला, आणि मग गंभीरपणे म्हणाला, "खरंच बोलल्या असत्या, तर काय बोलल्या असत्या तुमी?"

मी म्हटलं, जाऊ द्या. तो म्हणाला, बसला वेळ आहे, सांगा. मग मी सांगू लागले. सुरुवातीला वहीतलं आठवून सांगितलं, पाणी, प्लास्टिक, हवेचं पांघरूण. दोन ठिकाणी चुकले, ते त्याने दुरुस्त केलं. मग वही संपली आणि मी माझ्याकडचं सांगू लागले. लहान मुलाचा फोटो काढायचा असतो तेव्हा आईला मी बाहेर जा म्हणते, ती जात नाही. ॲप्रन दिला तर तो स्वतःच्या अंगावरून काढून मुलावर टाकायला बघते. तिला समजावण्यात माझा निम्मा दिवस जातो. मंगळावर जाणाऱ्याला यानात प्लास्टिक लावा, पाणी लावा, पण जाणाऱ्यांत कोणी अशी आई निघाली तर तिला कसं आवरायचं, ते कोणी शोधलं आहे का, असं मी विचारलं.

टपरीवाल्याने मधेच चहा भरला. चामोर्शीहून येणारी बस वेळेवर येत नाही, त्या दिवशीही आली नाही, त्यामुळे माझं भाषण बरंच लांबलं. मी बोलत होते आणि तो ट्रंकेवर बसून ऐकत होता. शेवटी रुग्णालयातून निरोप आला की कोणी पडून आलं आहे, म्हणून मला उठावं लागलं.